सुटीच्या दिवसांतील व्यायाम

(गोव्यातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घरोघरी बेत सुरू होतात. मुले आजोळी जाण्याचे दिवस मोजू लागतात, कर्मचारी प्रवास-सवलतीचे अर्ज भरतात, गृहिणी पापड-लोणच्यांच्या तयारीला लागतात. या साऱ्या बेतांत गाडीची वेळ असते, खर्चाचा हिशेब असतो आणि पाहुण्यांची यादीही असते. मात्र त्या पंधरा-तीस दिवसांत आपले शरीर किती हलेल, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. सुटी म्हणजे विश्रांती आणि विश्रांती म्हणजे पडून राहणे, ही समजूत समाजात घट्ट रुजली आहे. ती तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

विश्रांतीची गरज सर्वांना आहे, यात वाद नाही. परंतु प्रत्येकाच्या श्रमाचा प्रकार वेगळा, म्हणून प्रत्येकाची विश्रांतीही वेगळी असावयास हवी. दिवसभर चिरे वाहणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी पाठ टेकली, तर तो त्याचा हक्कच आहे. वर्षभर खुर्चीवर बसून फायली हातावेगळ्या करणारा कारकून, उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक आणि बाकावर बसून अभ्यास करणारा विद्यार्थी यांचे मन थकलेले असते. शरीर मात्र वर्षभर बसूनच असते. अशा माणसाने सुटीतही आरामखुर्ची जवळ केली, तर थकलेल्या मनाला थोडा विसावा मिळेल, पण बसून आंबलेल्या शरीराची उपेक्षा दुप्पट होईल.

या बाबतीत शास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे. लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांची पाहणी डॉ. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, तिकिटे देण्यासाठी सतत जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. गाडी एकच आणि रस्ताही एकच. फरक होता तो पायांच्या हालचालीचा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील डॅलस शहरातले आहे. १९६६ साली तेथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांची श्रम करण्याची क्षमता फार मोठ्या प्रमाणात खालावली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसून आले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी हानी केली, त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केली होती. पुढे पन्नाशीत त्यांनी सहा महिने नियमित व्यायाम केला आणि वयाने हिरावलेली दमछाक सोसण्याची शक्ती पुष्कळशी परत मिळवली. सुटी घालविणारा माणूस दिवसरात्र अंथरुणावर नसतो, हे खरे; म्हणून त्याची हानी इतकी होणार नाही. तरीही शरीर न वापरल्यास ते किती लवकर मंदावते आणि वापरल्यास किती आज्ञाधारकपणे पुन्हा उभे राहते, या दोन्ही गोष्टी या प्रयोगाने दाखवून दिल्या आहेत.

पूर्वीच्या सुटीला व्यायामाचा वेगळा तास लागत नसे. आजोळच्या घरी विहिरीचे पाणी ओढावे लागे, डोंगरावर जाऊन काजूची बोंडे वेचावी लागत, चिंचा झोडाव्या लागत, नातलगांकडे जायचे तर एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर पायीच जावे लागे. दुपारची उन्हे कलली की लगोरी, विटी-दांडू, आट्यापाट्या आणि लंगडी यांना रंग चढे. आता नळ घरात आला, वाहन दारात आले आणि खेळ हातातील मोबाईल फोनच्या काचेवर आला. या सोयी वाईट नाहीत. पाण्याची कळशी डोक्यावरून उतरली, याचा आनंद कोणत्याही गृहिणीला विचारावा. परंतु जी हालचाल पूर्वी आपोआप होत असे, ती आता ठरवून करावी लागेल, एवढाच याचा अर्थ आहे.

ती किती करावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे खेळावे-धावावे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, कारण त्या वयात पडणे हेच मोठ्या दुखण्याचे कारण ठरते. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा. रोज अर्धा तास झपझप चालणारा माणूस पाच दिवसांत दीडशे मिनिटे पुरी करतो. याला ना साधन लागते, ना पैसा.

प्रवासाला निघालेल्यांनीही हे सहज साधावे. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांनी उठून डब्यात फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत. मोटारीने जाताना चहापुरते थांबलेच आहोत, तर दहा मिनिटे पाय मोकळे करावेत. मुक्कामाच्या ठिकाणी पहाटे चालत निघालेल्या प्रवाशाला ते गाव जितके कळते, तितके गाडीच्या खिडकीतून कधीच कळत नाही. यासाठी दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. पारोड्याचा चंद्रेश्वराचा डोंगर, तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या पुरातन मंदिराभोवतीचे रान, फेरीबोटीने मांडवी ओलांडून गाठता येणारे चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य, मिरामारचा किनारा ही सारी ठिकाणे पायी पाहण्यासारखी आहेत. कित्येक गोमंतकीयांनी ती पाहुण्यांना मोटारीतून दाखविली आहेत, पण स्वतः चालत पाहिलेली नाहीत.

जे घरीच राहतील त्यांच्यासाठी आपल्या परंपरेने पुष्कळ ठेवा राखून ठेवला आहे. सूर्यनमस्काराला अंगणातील एका चटईएवढी जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा शाळांतून प्रसार केला. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजानेही व्यायामाची ही आस्था जपली. बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात ज्यांनी धडे घेतले, त्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत आणले. ग्वाल्हेरला १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. आणि ज्या खो-खोला अनेक पालक पोरखेळ समजत, त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत भरली. पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारतानेच मिळवली.

महिलांचा विषय येथे मुद्दाम मांडला पाहिजे. घरातील सर्वांची सुटी असते, तेव्हा गृहिणीचे काम वाढते. पाहुणे येतात, स्वयंपाक दुप्पट होतो आणि तिला स्वतःसाठी अर्धा तासही उरत नाही. कामामुळे तिचा व्यायाम होतोच, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे आणि मोकळ्या हवेत चालणे यांत अंतर आहे. पाणी भरणे, अंगण झाडणे, बाजार आणणे ही कामे पतीने व मुलांनी वाटून घेतली, तर एकाच वेळी त्यांच्या शरीराला हालचाल आणि तिच्या शरीराला मोकळीक मिळेल. मुलगे मैदानावर आणि मुली स्वयंपाकघरात, ही वाटणीही आता सोडावयास हवी. फुगडी घालणाऱ्या पायांना कबड्डी जड जाणार नाही.

उत्साहाला सावधगिरीची जोड हवी. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळात श्रमाचा व्यायाम करू नये. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा कोकमाचे सरबत घेत राहावे. बरेच दिवस बसून काढलेल्याने पहिल्याच दिवशी डोंगर चढू नये. हळूहळू वाढवीत जावे. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच सुरुवात करावी. सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. पोहणे हा उत्तम व्यायाम खरा, पण समुद्रात तो जीवरक्षक कामावर असतील तेव्हाच आणि त्यांनी निशाणांनी दाखविलेल्या जागीच करावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर ही सेवा २००८ पासून आहे. लाल निशाण दिसल्यास पाण्यात पाऊल टाकू नये. पाणी साचलेल्या जुन्या चिरेखाणी, अनोळखी तळ्या आणि नद्यांचे डोह यांपासून मुलांना दूर ठेवावे. चिरेखाणीचा तळ एकाएकी खोल जातो आणि उभ्या कडांना धरून वर येता येत नाही. सुटीत बुडून गेलेले एक मूल साऱ्या वाड्याची सुटी कायमची काळवंडून टाकते.

शेवटी एक गोष्ट शिक्षक, पंचायतींचे सदस्य आणि अधिकारी यांच्यासाठी. कित्येक गावांत मुलांना खेळण्याजोगी सपाट जागा एकच असते, ती म्हणजे शाळेचे पटांगण. सुटी लागली की त्याच्या फाटकाला कुलूप लागते. ज्या महिन्यात मुलांना खेळण्यास वेळ आहे, त्याच महिन्यात त्यांना जागा नाही, असा हा उलटा व्यवहार आहे. मुख्याध्यापक, पालक आणि पंचायत यांनी एकत्र बसून सकाळी दोन व संध्याकाळी दोन तास पटांगण उघडे ठेवण्याचे ठरवावे. देखरेखीसाठी गावातील चार जाणत्या माणसांनी पाळी लावून घ्यावी. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. निवृत्त शिक्षक व जुने खेळाडू गावोगावी आहेत. त्यांना बोलावणे धाडल्यास ते आनंदाने येतील. एवढ्यासाठी मोठ्या योजनेची वा निधीची वाट पाहावी लागत नाही. लागते ती फाटकाची किल्ली आणि ती सांभाळणारा एक जबाबदार माणूस.

सुटी संपल्यावर मुलगा शाळेत आणि पिता कचेरीत परत जाईल, तेव्हा त्यांच्या अंगी सुटीपूर्वीपेक्षा थोडा अधिक दम असावा, जिना चढताना श्वास थोडा कमी लागावा, रात्रीची झोप गाढ असावी. सुटीचा लाभ मोजावयाचा तर तो याच मापाने मोजावा. येत्या सुटीत प्रत्येक घराने रोजचा अर्धा तास चालण्यासाठी आणि प्रत्येक गावाने रोजचे चार तास पटांगणासाठी राखून ठेवावेत, अशी सर्वांना नम्र विनंती आहे.