न्हाणीघराची खिडकी



घराची दुरुस्ती निघाली म्हणजे आपण आधी ओटीचा विचार करतो. ओटीवर चार माणसे येऊन बसतात, तेव्हा तिथली फरशी चांगली हवी. मग स्वयंपाकघर, मग देवघर. न्हाणीघराची पाळी अगदी शेवटी येते, आणि तोवर जवळचा पैसाही सरत आलेला असतो. गवंडी विचारतो, "मोरी कुठं घेऊ?" मालक जिन्याखालचा किंवा गोठ्याकडचा उरलेला कोपरा दाखवून मोकळा होतो. आज मला बोलायचे आहे ते या उरलेल्या कोपऱ्याविषयी.

आपल्या जुन्या घरांत न्हाणी परसदारी असे. बसायला एक मोठा सपाट दगड, शेजारी चुलाणे किंवा तांब्याचा बंब, आणि सांडपाणी पन्हळीने केळीला नाहीतर अळूला. अशा न्हाणीला खिडकी बहुधा नसेच, आणि तिच्यावाचून फारसे अडतही नसे. वर कौले होती. त्यांच्या फटींतून धूर आणि वाफ निघून जाई. दाराच्या फळ्यांतून बाहेरचा वारा आत येई. म्हणजे खिडकी नसली तरी खिडकीचे काम चाललेले असे.

आता काळ पालटला. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात गावोगाव शौचालये झाली. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे पुष्कळ घरांत नळ आला. हे चांगलेच झाले. पण न्हाणी घरात आली, तिच्यावर स्लॅब पडला, भिंतींना गुळगुळीत फरशी लागली, दार घट्ट बसणारे आले, आणि सारी खोली डबीसारखी बंद झाली. घर बदलले, पण खिडकीविषयीची आपली समजूत मात्र जुनीच राहिली.

याचा परिणाम कधी नुसत्या बुरशीवर निभावतो, तर कधी माणसाच्या जिवावर बेततो. गॅसवर पाणी तापवणारा गिझर बंद न्हाणीघरात पेटला की तो तिथल्याच हवेतला प्राणवायू वापरतो. प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो. अंघोळ करणाऱ्याला डोके जड वाटते, चक्कर येते, आणि हाक मारण्यापूर्वीच तो खाली पडतो. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघरात बसवूच नका. तो बाहेर, उघड्या हवेत बसवा आणि नळीने फक्त गरम पाणी आत आणा. बाळंतिणीला शेक द्यायला बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तिथेही हाच धोका आहे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतो, पण बाळ-बाळंतिणीला शुद्ध हवा हवीच.

आता खिडकी कशी असावी? ती बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडली पाहिजे; माजघरात किंवा बोळात उघडणारा झरोका कामाचा नाही. दोन फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच एवढी तरी ती असावी. पूर्वेला ठेवली तर सकाळचे ऊन आत येते, पश्चिमेला ठेवली तर दुपारच्या उन्हाने फरशी लवकर वाळते. मात्र आपला पाऊस बहुतेक नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूला वर छज्जा हवाच. आणि एकटी खिडकी पुरत नाही. हवा बाहेर जायची तर दुसरीकडून आत यायलाही हवी. यासाठी दाराखाली इंचभर फट ठेवा, किंवा दाराच्या खालच्या भागात पट्ट्यांची जाळी बसवा.

"पण बाहेरून दिसेल त्याचं काय?" हा प्रश्न घरातल्या बायका विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. याच भीतीपोटी कितीतरी खिडक्या गोणपाटाने बुजवलेल्या दिसतात. खिडकीची उंची ठरवताना आतल्या जमिनीवरून मोजून भागत नाही. बाहेर उभे राहून पाहा. शेजाऱ्याचा ओटा उंच आहे का? मागून बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची वाट जाते का? त्यावर बसलेल्या माणसाची नजर कुठवर पोहोचते? सर्वसाधारणपणे आतून साडेपाच-सहा फुटांवर खिडकीचा खालचा काठ घेतला आणि दुधी काचेच्या तिरप्या पट्ट्या बसवल्या, तर वारा येतो आणि नजर अडते. आणखी एक गोष्ट. दिवा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला, तर पहाटे अंघोळ करणाऱ्याची सावली काचेवर पडते. तोच दिवा खिडकीच्या भिंतीवर, तिच्या वर लावला की सावली आतल्या भिंतीवर जाते. खर्च तेवढाच, पण घरातली लेकबाळ निर्धास्त होते.

आता मांडणी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे नुसत्या न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चार फूट बाय पाच फूट जागा लागते. शौचकूप त्यातच घ्यायचा तर २.८ चौरस मीटर, म्हणजे पाच फूट बाय सहा फूट. दारापाशी हात धुण्याचे भांडे, मग शौचकूप आणि सर्वांत आत, खिडकीखाली, अंघोळीची जागा, असा क्रम ठेवला तर दारातला भाग कोरडा राहतो. फरशीला जाळीकडे दर फुटाला पाव इंच उतार द्या, आणि फरशी गुळगुळीत नको, खरबरीत घ्या. दार बाहेर उघडणारे असावे. म्हातारे माणूस आत पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदत बाहेरच खोळंबते. आधाराला भिंतीत लोखंडी नळी पक्की बसवून घ्या. ती विटांचे काम चालू असतानाच बसवलेली बरी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात एक प्रयोग करून दाखवा. सारी दारे-खिडक्या लावून उदबत्ती पेटवा, धूर कसा रेंगाळतो ते मुलांना पाहू द्या. मग एकच खिडकी उघडा, आणि नंतर समोरचे दारही उघडा. फरक डोळ्यांना दिसेल. मुले घरी जाऊन तोच प्रयोग न्हाणीघरात करतील आणि वडिलांना प्रश्न विचारतील. वर्गातला धडा घरी पोहोचायला याहून सोपी वाट नाही.

ज्यांचे बांधकाम अजून व्हायचे आहे त्यांनी गवंड्याला कोपरा दाखवण्याआधी घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारावे. ज्यांचे झाले आहे त्यांनी निदान गिझर बाहेर काढावा, बुजवलेली खिडकी उघडावी आणि दाराखालची फट मोकळी करावी. यातल्या बहुतेक कामांना एक दिवसाची मजुरी पुरते. पावसाळ्यापूर्वी तेवढे उरकून घ्या.