पुरावा आणि प्रतिपादन

महाविद्यालयांत निबंधलेखन शिकतांना विद्यार्थ्याची पहिली धांव बहुधा अलंकारिक भाषेकडे असते. आपलें मत ठासून मांडलें कीं तें वाचकास पटलेंच, अशी त्याची समजूत असते. मत मांडणें आणि मत पटविणें या दोहोंत जें अंतर आहे, त्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

समजा, रावेरच्या एखाद्या विद्यार्थ्यानें केळीच्या भावावर निबंध लिहावयास घेतला. घरचीच केळीची बाग, तेव्हां विषय जिव्हाळ्याचा. जाहीर झालेला भाव एक आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणारा भाव दुसरा, ही तक्रार त्यानें लहानपणापासून ऐकलेली. 'व्यापारी लुटतात' हें वाक्य त्याच्या लेखणींतून सहज उतरेल. तें त्याच्या गल्लींत पटेलही. परंतु ज्याच्या हातीं निर्णय आहे, त्या अधिकाऱ्यास तेवढ्यानें पटणार नाहीं.

म्हणून त्यानें प्रथम वही घेऊन घराबाहेर पडावें. निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्या पाहाव्या. प्रत्येकीवरील तारीख, वजन व दर उतरून घ्यावा आणि त्याच दिवसाचा जाहीर भाव शेजारीं लिहावा. स्वतः पाहिलेलें, कागदावर सांपडलेलें आणि नुसतें ऐकलेलें, असे तीन रकाने वेगळे ठेवावे. मग व्यापाऱ्याकडेही जावें. मालाची प्रत, वाहतुकीचा खर्च, वाटेंत होणारी नासाडी, हीं कारणें तो सांगेल. त्याचें म्हणणें त्याला स्वतःला मान्य होईल अशाच शब्दांत लिहावें. कांहीं तफावतीचें कारण कदाचित् रास्तही निघेल. तेवढें मोकळेपणानें कबूल करून उरलेल्या तफावतीचा जाब विचारला, तर तो टाळणें कोणासही कठीण जाईल.

या रीतीचा मोठा धडा खानदेशानें जवळून पाहिला आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून जुनीं दप्तरें शोधिलीं. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांत पानिपतच्या लढाईपर्यंतच्या काळांतील अस्सल पत्रें छापून त्यांनीं बखरींतील हकीकती त्या पत्रांशीं ताडून पाहिल्या. त्यांची लेखणी तिखट होती आणि त्यांचीं कित्येक अनुमानें पुढील अभ्यासकांनीं नाकारलीं. परंतु पुरावा वाचकापुढें उघडा ठेवला होता, म्हणूनच त्यांची पारख करतां आली. अनुमानें मागें पडलीं तरी पत्रें आजही उपयोगीं पडतात. १९२६ च्या अखेरीस धुळें येथें त्यांचा अंत झाला. तेथील राजवाडे संशोधन मंडळ त्यांचें नांव चालवीत आहे.

पुराव्यानें केलेलें असें प्रतिपादन केवळ इतिहासाच्या कामीं येतें असें नाहीं. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें रावेर तालुक्यांतील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषिविज्ञान केंद्राच्या नांवें. 'आमची केळी गोड' एवढें म्हणून असें मानांकन मिळत नाहीं. मालाचा प्रदेश कोणता, त्याचें वैशिष्ट्य काय, तें त्याच भूमीशीं कसें निगडित आहे, हें अर्जांत दाखवावें लागतें. आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेण्यास इतरांना मुभा असते. २०२१ सालीं तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईस रवाना झाली.

तात्पर्य, निबंधाचा हा तास केवळ गुणांसाठीं नाहीं. ज्याला आपलें गाऱ्हाणें पुराव्यानिशीं मांडतां येत नाहीं, त्याचें गाऱ्हाणें खरें असूनही कागदावर हरतें. यासाठीं घरांतल्या वडील माणसांनाही एक विनंती आहे. मुलानें एखादें मत आवेशानें मांडलें, तर त्याला गप्प बसवूं नये आणि लागलीच शाबासकीही देऊं नये. 'हें कशावरून?' एवढेंच मायेनें विचारावें. आणि त्यानें तोच प्रश्न उलट आपल्याला विचारला, तर रागावूं नये.