हरभऱ्याच्या मुळावरचा ३२० कोटी वर्षांचा वारसा



ज्यांच्या कामावर आपले जेवणाचे ताट भरते, त्या जिवाणूंबद्दल आज बोलणार आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. प्रथिने आणि डीएनए त्याच्याशिवाय बनत नाहीत. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात, की पिकांना तो हवेतून थेट घेता येत नाही. खतांच्या कारखान्यात त्यासाठी चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. काही जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या बळावर करतात.

हे कसब किती जुने? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सुमारे ३२० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. एव्हा स्ट्यूकेन, रॉजर बुइक हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. २०१५ साली त्यांनी दाखवले, की त्यांतले नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मॉलिब्डेनम हा धातू वापरणाऱ्या नायट्रोजिनेजशी जुळते; म्हणजे हे कसब तेव्हाही होते. तेव्हाच्या समुद्रात मॉलिब्डेनम अगदी तुटपुंजे असावे, असे मानले जाते. तेवढ्यावरही जीवांनी भागवले!

पुढे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला. ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होते. तरीही जीवसृष्टीने ते सांभाळले. काही सायनोबॅक्टेरियांनी या विकरासाठी जाड भिंतीच्या वेगळ्या पेशी घडवल्या. फार नंतर आलेल्या कडधान्यांनी मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना जागा दिली. तिथे लेगहिमोग्लोबिन मोकळा ऑक्सिजन बांधून ठेवते. झाड जिवाणूंना अन्न पुरवते आणि जिवाणू झाडाला अमोनिया देतात.

मुलांनो, दिवस पालटले म्हणून अंगचे कसब सोडू नका. ते जपता येईल अशी जागा आणि जपणारी माणसे जोडा.

सध्या शेतात हरभरा उभा आहे. एक रोप मुळासकट अलगद खणून काढा आणि गाठ कापून पाहा. आतून गुलाबी दिसली, तर काम चालू आहे. पुढच्या हंगामात रायझोबियम हे गाठींतले जिवाणू चोळलेले आणि न चोळलेले बियाणे शेजारी-शेजारी पेरा, गाठी मोजा, नोंदी ठेवा आणि पुढच्या स्नेहसंमेलनात त्या सगळ्यांसमोर मांडा. त्या प्रयोगासाठी तुम्हाला मनःपूर्वक शुभेच्छा!