जहाजावरील पाण्याचा निचरा
(वार्षिक संमेलनात ताडकळस येथे दिलेले व्याख्यान)



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ताडकळसच्या शिक्षकाने जहाजावर बोलावे, याचे आपणांस हसू येईल. परंतु हा विषय आपल्या माळवदापासूनच सुरू होतो.

मी दहा वर्षांचा असता आजोबांनी मृगापूर्वी माळवदाची पन्हळ साफ करण्यास सांगितले होते. खेळाच्या नादात मी ते टाळले. पुढे एका रात्री मुसळधार पाऊस झाला. तुंबलेले पाणी मातीत मुरले, तुळई मोडली आणि धान्याच्या खोलीचे छत खाली आले. माणसे वाचली, वर्षाची ज्वारी मात्र भिजली. आजोबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते मौन मला आजही टोचते.

शिडाच्या जहाजास हाच धोका पदोपदी असतो. लाट डेकवर चढते. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन सुमारे १०२५ किलो भरते. शिवाय ते स्थिर राहत नाही; जहाज कलले की खालच्या बाजूस धावते आणि कल अधिकच वाढविते.

म्हणून डेक मध्यभागी किंचित उंच ठेवतात व कडेच्या कठड्यास तळाशी मोऱ्या ठेवतात. मोठ्या मोऱ्यांना काही वेळा बाहेर उघडणाऱ्या झडपा असतात. आतील पाण्याने त्या उघडतात, बाहेरील लाटेने मिटतात. मोऱ्या दोन्ही बाजूंस हव्यात, कारण वारा फिरला की कलही फिरतो. लहान नौकेत सुकाणूवाल्याची जागा खोलगट असते. तिचा तळ समुद्राच्या पातळीहून उंच ठेवून नळ्यांनी पाणी बाहेर सोडतात. पंपाची गरजच नाही!

गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. २०१७-१८ मध्ये तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २५४ दिवसांत प्रदक्षिणा करून परतल्या.

लाट थोपविणे खलाशाच्या हाती नसते; मोरी मोकळी ठेवणे मात्र असते. तेव्हा येत्या मृगापूर्वी आपापल्या घरची पन्हळ मुलांकडून साफ करून घ्यावी, आणि आपण स्वतः जवळ उभे राहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.