दिव्यातील तेल

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीत वैशाखाच्या कडक उन्हात वखर फिरत असतो, तेव्हा आभाळात ढगाचा मागमूसही नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागावयाचा, एवढे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण पाऊस मृगात येईल, आर्द्रात येईल, की दडी मारून बसेल, हे त्यास कोणीच सांगू शकत नाही. तरीही तो भुई तयार करून ठेवितो. बियाणे उसने आणता येते, वेळप्रसंगी शेजाऱ्याची बैलजोडीही मागता येते. परंतु पाऊस येऊन गेल्यावर वखरलेली भुई कोणाकडून उसनी मिळत नाही.

ख्रिस्ती धर्मात ‘सिद्ध राहणे’ असे ज्याला म्हणतात, त्याचे मर्म पुष्कळसे ह्यातच आहे. प्रभू ख्रिस्त पुन्हा येणार, अशी त्या धर्माची श्रद्धा आहे. नाताळापूर्वीचे चार रविवार हा ‘आगमनकाळ’ मानून मंडळ्यांमधून ह्या श्रद्धेची दरवर्षी आठवण करून दिली जाते. शिवाय प्रत्येक मनुष्यापुरता त्याचा स्वतःचा अखेरचा दिवस आहेच. दोहोंचीही वेळ कोणास कळलेली नाही. मग तयारी करावयाची ती कशाची आणि कशी?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारींचा दृष्टांत आहे. वराला सामोरे जाण्यासाठी त्या दिवे घेऊन निघाल्या. पाच जणींनी दिव्यांबरोबर जास्त तेल घेतले. पाच जणींनी घेतले नाही. वरास उशीर झाला. मध्यरात्री तो आल्याची हाक उठली, तेव्हा पाच जणींचे दिवे विझू लागले होते. त्यांनी तेल मागितले, ते मिळाले नाही. विकत आणावयास गेल्या, तोवर दार लागले.

ह्या कथेतील एक गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेतून बहुधा निसटते. त्या रात्री झोप दहाही जणींना लागली होती; शहाण्यांनाही लागली होती. तेव्हा सिद्धता म्हणजे डोळ्यांत तेल घालून, जीव मुठीत धरून केलेले जागरण नव्हे. ज्याचे तेल पुरेसे आहे, त्याने निजावे. हाक आल्यावर तो उठेल. दुसरी गोष्ट अशी की, शहाण्या कुमारींनी तेल नाकारले ते कृपणपणामुळे नव्हे. काही गोष्टी देऊ म्हटले तरी देता येत नाहीत.

सिद्धतेविषयी दोन चुकीच्या समजुती फार जुन्या आहेत. पहिली, हिशेब मांडून दिवस ठरविण्याची. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाने शास्त्रातील आकड्यांवरून प्रभूच्या येण्याचा काळ काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवला आणि मावळला. हजारो भाविकांची मने मात्र मोडली. ही समजूत पहिल्या शतकातही होती. थेस्सलनीका येथील काही मंडळी अंत जवळ आला म्हणून अस्वस्थ झाली आणि काही जण तर कामधंदा टाकून बसले. प्रेषित पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खावी, असे बजावले. दुसरी समजूत आपल्या अधिक ओळखीची आहे. हातपाय थकले की पोथी हाती घेऊ, असे म्हणून मनुष्य तयारी पुढे ढकलितो. पहिला दिवस मोजतो, दुसरा दिवस लांबवितो. आजचा दिवस दोघांच्याही हातून निसटतो.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून नव्हे, तर आयुष्यातून देणारी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाई त्यांत अग्रगण्य. त्यांचा जन्म १८५८ चा. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेविले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले ते हे, की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान, एवढी प्रामाणिक स्त्री असे म्हणते, तेव्हा दिवा हाती असणे निराळे आणि दिव्यात तेल असणे निराळे, हे वेगळे सांगावयास नको.

हे तेल त्यांनी केवळ प्रार्थनेच्या खोलीत जपले नाही. शारदासदनाला उत्पन्न असावे म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जमीन घेतली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. पण मध्यप्रांतातून शेकडो उपाशी मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, तेव्हा त्यांना ठेवण्यास ती जमीन होती. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी सुमारे अठरा वर्षे चालविले, आणि ते छापण्याचे काम आश्रमातील स्त्रियांना शिकविले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. कन्या मनोरमा हिला त्यांनी आपल्या मागे संस्था सांभाळण्यासाठी घडविले होते. निजामाच्या राज्यात, ज्यात परभणी जिल्हाही त्या वेळी मोडत होता, गुलबर्गे येथे काढलेल्या शाळेची जबाबदारी त्यांनी तिच्याकडेच दिली होती. ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेली. वर्षानुवर्षे केलेली तयारी एका दिवसात मातीस मिळाली, असेच कोणीही म्हणेल. जी आपल्या जाण्याची तयारी करीत होती, तिला लेकीचे जाणे पाहावे लागले. अशा वेळी मनुष्य देवाशी भांडतो, किंवा हातातले काम खाली ठेवितो. रमाबाईंनी काम ठेविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ मध्ये ते संपूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. केडगावची संस्थाही त्यांच्यामागे बंद पडली नाही. ती आजतागायत चालू आहे.

मग काम पुरे होणे हीच सिद्धतेची खूण काय? तसे म्हणावे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे काय? त्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार नवा होता, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तर थोडकेच झाले होते. ते पुढे चालविले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी. त्यांच्याही निधनानंतर, १९३८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. वियोग, लोकनिंदा, मनाची ओढाताण हे सर्व त्यांनी सोसले आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्या ख्रिस्ती झाल्या. पतीचे तेल त्यांनी उसने घेतले नाही. म्हणूनच पतीच्या हातून दिवा सुटला, तेव्हा तो उचलण्याचे बळ त्यांच्या हाती होते.

रमाबाईंचे काम पुरे झाले, टिळकांचे अपुरे राहिले. सिद्ध दोघेही होते. कारण सिद्ध असणे म्हणजे सर्व काही संपवून बसणे नव्हे. हाक येईल तेव्हा नेमून दिलेल्या कामावर सापडणे, ही सिद्धता होय.

ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे टिळक मानीत. त्याच न्यायाने परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून दळण-कांडण, झाडलोट करीत असताच तिने विठ्ठलाचे स्मरण केले. भक्तीसाठी तिला निराळा वेळ काढावयाचा नव्हता, आणि तो तिला मिळणारही नव्हता. दोन्ही धर्मांचे सिद्धांत भिन्न आहेत आणि ते भिन्न म्हणूनच समजून घ्यावेत. तथापि जात्यापाशी बसून जागे राहता येते, ही गोष्ट ख्रिस्ती गृहिणीस जनाबाईकडून शिकता येईल.

व्यवहारात ह्याचा अर्थ अगदी साधा आहे. रात्री दिवा मालविण्यापूर्वी दिवसभरात कोणाचे मन दुखविले ते आठवावे, आणि सकाळी आधी त्याच्या दाराशी जावे. प्रभुभोजनास जाण्यापूर्वी भावाशी असलेला तंटा मिटवावा. देणे असेल ते लिहून ठेवावे, कागदपत्रे घरच्यांस समजतील अशी ठेवावी, आणि हाताखालच्या माणसास आपले काम शिकवून ठेवावे. प्रार्थना दहा मिनिटांची असो, पण रोजची असो. तेल थेंबाथेंबानेच साठते. दहा कुमारींच्या त्याच अध्यायाच्या शेवटी प्रभू ज्यांना आपले म्हणतो, त्यांनी भुकेल्यास अन्न दिले होते आणि आजाऱ्याचा समाचार घेतला होता. ती सेवा आपण प्रभूचीच करीत होतो, हे त्यांना ठाऊकही नव्हते. ज्याचे दिवस असे जातात, त्याला शेवटच्या दिवसासाठी वेगळी घाई करावी लागत नाही.