मज्जातंतुवैद्याचें कार्य व जबाबदारी

हृदयाचे ठोके कानाला ऐकूं येतात, नाडी बोटाला लागते, पोटांतील गांठ हातानें चांचपतां येते. मेंदू मात्र कवटीच्या आणि पृष्ठरज्जु मणक्यांच्या कोटांत बंदिस्त असतो. तेथील बिघाड बाहेरून ओळखावयाचा, हें मज्जातंतुवैद्याचें, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टचें, पहिलें काम. तो शस्त्रक्रिया करीत नाहीं. तें काम मेंदूच्या शल्यवैद्याचें. त्याला वेड्यांचा डॉक्टर समजणें हेंहि चूक. पक्षाघात, अपस्मार, कंपवात, जुनाट डोकेदुखी हे त्याचे नित्याचे विषय होत.

रोगी समोर येतांच दोन प्रश्न उभे राहतात : बिघाड कोठें आहे, आणि तो कशामुळें झाला? पहिल्याचें उत्तर शरीर देतें. उजवा हात लुळा पडून वाचाहि गेली, तर दोष बहुधा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागांत असतो. मोठ्या माणसाचा तळपाय ओरखडला असतां आंगठा खालीं वळण्याऐवजीं वर उचलला, तर मेंदूकडून खालीं येणारा आज्ञामार्ग दुखावला आहे असें समजावें. ही खूण पॅरिसच्या बाबिन्स्की यांनीं १८९६ मध्यें दाखवून दिली. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र पुष्कळदां रोग्याच्या हकीकतींत दडलेलें असतें. आज एम. आर. आय. यंत्र मेंदूचें चित्र काढून देतें. पण कोठला भाग पाहावयाचा, हें वैद्यालाच ठरवावें लागतें.

मुंबईंतील एक उदाहरण या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९७१ सालीं शहरांत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. हा रोग प्रथम १९६९ मध्यें घाना देशांत दिसला होता आणि तेथील लोकांनीं त्याला चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ या यानाचें नांव दिलें होतें. डोळे रक्ताळत आणि थोड्या दिवसांत बरे होत. पुढें कांहीं रोगी पायांतील शक्ति गेल्याची तक्रार घेऊन आले. लक्षणें पोलिओसारखीं, पण पोलिओ मुख्यतः लहान मुलांचा रोग, आणि हे तर प्रौढ. पाय लुळा पडलेला मनुष्य बऱ्या झालेल्या डोळ्यांची गोष्ट आपण होऊन कशाला काढील? डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं या दोहोंचा संबंध ओळखला आणि १९७२ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत तो जगापुढें मांडला.

निदान झालें म्हणजे जबाबदारी संपत नाहीं. पक्षाघात रक्ताच्या गुठळीमुळें झाला असेल, तर ती विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. पण मेंदूंत रक्तस्राव झाला असतां तेंच औषध प्राणावर बेततें. घाई आणि सावधपणा, दोन्ही एकाच वेळीं! उलट कंपवातांत प्रश्न तासांचा नसून वर्षांचा असतो. रोग समूळ जात नाहीं हें सत्य सांगावयाचें, आणि रोग्याचा धीरहि खचूं द्यावयाचा नाहीं, हें काम कोणत्याहि परीक्षेहून अवघड आहे.

अपस्माराची गोष्ट आणखी निराळी. योग्य औषधानें शंभरांतील सत्तर रोग्यांपर्यंत फेफरें थांबूं शकतें. तरीहि कित्येक घरीं कांदा नाहीं तर जोडा हुंगविला जातो, आणि मुलीचें लग्न ठरलें कीं गोळ्या लपवितां लपवितां बंदच होतात. मग फेफरें परत येतें, आणि दोष औषधाला दिला जातो.

येथें वैद्याची जबाबदारी जेथें संपते, तेथें घराची सुरू होते. त्याचें सारें शास्त्र अखेर हकीकतीवर उभें आहे. ती खरी व पूर्ण सांगणें, हा उपचाराचा पहिला भाग होय. आणि तो घरच्या माणसांच्याच हातीं आहे.