दगड वाचावा कसा?



मी सातवी शिकलेली गृहिणी. सभेत बोलायची मला सवय नाही, म्हणून जवळच्याच गोष्टीविषयी बोलते. आपल्याच तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे.

जुने दगडी देऊळ दिसले की आपण म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत बांधले, नाहीतर हेमाडपंताने बांधले. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. कुडलला संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर लेख आहे तो शके ९४० चा, म्हणजे सन १०१८ चा. हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचा!

आणि एवढा काळा दगड कोरला कसा? अहो, टाकी-हातोड्याने. जात्याला टाकी लावणारी बाई पूर्वी दारात बसून टाकटाक करायची, ती आपल्यापैकी पुष्कळींनी पाहिली आहे. तिच्या हातात चमत्कार नव्हता, मनगटात जोर होता आणि नजर होती.

१९९९ साली कुडलला बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर ३५९ मुखे आहेत. इतकी कशाला, हे म्हणे मोठे गूढ. काही जण मूळ लिंग धरून ३६० मोजतात. बारा महिने आणि महिन्याच्या तीस तिथी, गुणाकार करून पाहा. हा अंदाजच आहे, पण घरातल्या पंचांगातला आहे.

गावोगावी देवळाबाहेर कोरलेले उभे दगड असतात. धन असेल म्हणून कोणी त्यांच्याखाली खणते, कोणी शेंदूर थापते. त्यांतले पुष्कळसे वीरगळ असतात. ते खालून वर वाचायचे. तळाशी लढाई, कधी गाईही, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, त्यावर तो शिवपूजा करतो, माथ्यावर चंद्रसूर्य. आणि कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. बायका त्याला हळदकुंकू वाहतात. माझ्या मात्र पोटात कालवते. ती कोणाची तरी लेक होती.

सोलापूरच्या आनंद कुंभारांनी जिल्ह्यातले शिलालेख हिंडून हिंडून शोधले, वाचले. कुडलच्या लेखाची शेवटची ओळ आपल्या मराठीत आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ लावतात. तेल ओता असे कोरणाऱ्याने म्हटलेले नाही, वाचा म्हटले आहे.

यंदाची मंडळाची सहल कुडललाच काढावी, असे मी सुचवते. तुळई बघायला मान वर करावी लागते, तेव्हा चष्मे घरी विसरू नका.